सुलास्त्रीची पाठवणी

डोकं दुखत होतं म्हणून अंजली त्या दिवशी दुपारीच घरी निघाली. सिंगापूरच्या विद्यापीठातल्या तिच्या खोलीत एसी इतका थंड असायचा की दिवसभर शाल पांघरून बसावं लागे, आणि बसस्टॉपवर येऊन उभं राहिलं की दोन मिनिटांत कुडता पाठीला चिकटे. क्लेमेंटीपासून बुकित पंजांगपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून डुलक्या काढत आली. थकवा हल्ली झोपेनेही जात नव्हता. संशोधनाचा करार संपत आला होता, पुढच्यासाठी केलेल्या अर्जांना नकार येत होते, आणि जे प्रकरण लिहून द्यायचं होतं ते महिनोन् महिने एकाच जागी अडलं होतं.

ती राहायची थोरल्या भावाकडे. अवधूत रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत आयटी मॅनेजर होता, त्याची बायको प्रणिता एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्यांची मुलगी ऋग्वेदा पहिलीत होती. आणि या सगळ्यांचं घर चालायचं ते सुलास्त्रीच्या जिवावर. ती जावा बेटावरच्या एका खेड्यातली, चौतिशीची बाई. ऋग्वेदा तीन वर्षांची असल्यापासून ती या घरात राहत होती. भेंडीची परतून भाजी, वरण, पोळ्या हे सगळं ती प्रणिताकडून शिकली होती आणि आता प्रणितापेक्षा बरं करायची.

अंजलीने दार उघडलं तर प्रणिता घरी होती. कामाचा दिवस असूनही. ती हॉलमध्ये फोनवर इंग्रजीत कुणाशी तरी चढ्या आवाजात बोलत होती. स्वयंपाकघरात सुलास्त्री बुटक्या स्टुलावर बसली होती. समोर अर्धी चिरलेली भेंडी तशीच पडली होती.

प्रणिताने फोन ठेवला.

"वहिनी, काय झालं?"

"मेडिकलचा रिपोर्ट आला तिचा," प्रणिता म्हणाली. "प्रेग्नंट आहे."

घरकामाच्या बायकांची दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची. जुलैमध्ये ईदसाठी सुलास्त्री दोन आठवडे गावी जाऊन आली होती. तिचा नवरा तिथे होता, शेळ्या पाळायचा. दहा वर्षांची मुलगी होती, आजीजवळ राहणारी. म्हणजे यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण नियम नियम होता. गरोदर राहिलेल्या परदेशी कामवालीचं वर्क परमिट रद्द होणार आणि तिला परत जावं लागणार, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"कधी जायचंय तिला?"

"एजन्सीवाली म्हणाली, तीन-चार दिवस ठेवून घेतलं तरी चालेल. मी म्हटलं, आजच न्या."

"आजच? ऋग्वेदा शाळेतून यायची आहे अजून."

"ती यायच्या आधीच."

सुलास्त्री उठून दारात आली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मॅम, शुक्रवारपर्यंत. मी ऋग्वेदाला समजावते. मग जाते."

"नको," प्रणिता भिंतीकडे बघत म्हणाली. "तिला त्रास होईल."

अंजलीने आत जाऊन भावाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. "अंजू, नियम आहे तो. आपल्या हातात काय आहे? प्रणिता म्हणते तसं होऊ दे."

"नियम तिने परत जायचा आहे, दादा. आजच जायचा नाही."

"आता मला हे नको," तो म्हणाला. त्याचाही आवाज दमलेला होता. फोन कट झाला.

कामाला बायका पुरवणाऱ्या एजन्सीची बाई तासाभरात आली. तिने चपलाही काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली. सुलास्त्रीची बॅग काही मोठी नव्हती. ती निघताना प्रणिता लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली सँडविचं आणि पाण्याची बाटली घेऊन आली. सुलास्त्रीच्या हातात देताना तिने वर पाहिलं नाही.

अंजली हॉलच्या खुर्चीवर बसली.

ती ज्या प्रकरणात अडकली होती ते नेमकं अशाच एका प्रसंगावर होतं. पुण्यात संस्कृत शिकता शिकता ती हिब्रूकडे वळली, ती रास्ता पेठेतल्या तळकर सरांमुळे. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, घरात अस्सल कोकणी वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी तिला जी पहिली गोष्ट मुळातून वाचायला लावली ती यहुदी धर्मग्रंथातली, हागारची होती. अब्राहामाला आणि साराला मूल होत नव्हतं. साराने आपली दासी हागार नवऱ्याला दिली. दासीला मुलगा झाला. पुढे म्हातारपणी सारालाही झाला. मग एक दिवस साराने दासीच्या मुलाला हसताना पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, या दोघांना घालवून दे. अब्राहामाला वाईट वाटलं, पण देवाने सांगितलं, बायको म्हणते तसं कर. सकाळी उठून त्याने भाकरी आणि पाण्याची पखाल हागारच्या खांद्यावर ठेवली आणि तिला मुलासकट वाळवंटात पाठवून दिलं. पाणी संपलं. तिने मुलाला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली, कारण मुलाचं मरण तिला बघवणार नव्हतं. शेवटी देवाने विहीर दाखवली, दोघं वाचली. पण पाठवणारा आपला मूळपुरुष, हे यहुद्यांच्या पुढच्या पिढ्यांना गिळता येईना. "ग्रंथातलं वाक्य खोडायची सोय नाही," तळकर सर म्हणायचे, "मग माणूस त्याच्या शेजारी दुसरं वाक्य लिहून ठेवतो." त्या शेजारच्या वाक्यांवरच अंजलीचं सगळं संशोधन उभं होतं.

दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. प्रणिताने उरलेली भेंडी चिरायला घेतली.

ऋग्वेदाला स्कूल बसवरून आणायला अंजली खाली गेली. मुलीने इकडेतिकडे पाहिलं आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"सुला आंटी व्हेअर?"

"घरी गेली, बाळा. तिच्या गावाला."

"गो होम ऑलरेडी? व्हाय शी नेव्हर से बाय?"

अंजली काही बोलायच्या आत, मागून खाली आलेली प्रणिता म्हणाली, "तिची आई आजारी पडली. घाईत जावं लागलं." ऋग्वेदाने दप्तर आत्याकडे दिलं आणि लिफ्टमध्ये शिरली. त्या दिवशी ती जेवली नाही. पुढच्या आठवड्यात शाळेतून तक्रार आली, की ती वर्गात कुणाशी बोलत नाही.

गणपती आले. संजीवनी म्हणून प्रणिताची मैत्रीण होती, तिच्या काँडोमध्ये दरवर्षी आरतीला पंचवीस-तीस मराठी माणसं जमायची. अंजलीला जायचं नव्हतं, पण घरी बसून पुन्हा तेच पान बघत राहण्यापेक्षा मोदक बरे म्हणून ती गेली. आरती झाल्यावर संजीवनीने विचारलं, "अगं, तुझी सुला दिसत नाही?"

"गेली सोडून," प्रणिता म्हणाली. "घरची फार आठवण यायला लागली तिला. मीच म्हटलं, जा."

"म्हणजे तुमच्या गळ्यात काम टाकून गेली. कुणाचा फोन वगैरे यायचा का तिला? आमच्या मागच्या बाईचं तसंच होतं."

प्रणिताने मोदकांची ताटली पुढे सरकवली. "रविवारी फोनवर हसत असायची खरी," ती म्हणाली.

एवढंच. अंजलीने स्वतःच्या कानांनी ऐकलं. नवऱ्याशी आणि मुलीशी फोनवर बोलताना हसायची सुला, सगळ्या घराला माहीत होतं. पण विसर्जनाच्या दिवशी त्याच घरी पोहे खाताना कुणीतरी प्रणिताच्याच इमारतीतल्या सुनेत्राला सांगत होतं, की प्रणिताच्या बाईचं कुणा बांधकामावरच्या मजुराबरोबर होतं म्हणे, म्हणून हाकललं. आणि त्यापुढच्या शनिवारी सुनेत्राने अंजलीलाच लिफ्टपाशी गाठून काळजीने विचारलं, "प्रणिताचं कानातलं सापडलं का गं? त्या बाईने नेलं ते?"

"कुठलं कानातलं?"

"अगं, असं ऐकलं बाई."

अंजली घरी आली, बूट काढले आणि तशीच सोफ्यावर आडवी झाली. पंख्याकडे बघत तिला हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची किळस आली. हिब्रूतलं ते क्रियापद, ज्याचा अर्थ हसणं होतो आणि खेळणंही होतो, त्या एका शब्दावर जुन्या लेखकांनी काय काय रचलं होतं! मुलगा हसत होता म्हणजे तो मूर्तिपूजा करत होता. म्हणजे तो बायकांच्या मागे लागत होता. म्हणजे खेळाच्या नावाखाली धाकट्या भावावर बाण रोखत होता. प्रत्येक पिढीने थोडी भर घातली, ते पार त्या पोराला वाळवंटात पाठवणं अगदी योग्य दिसायला लागेपर्यंत. हे सगळं तिने टिपणांसकट लिहून ठेवलं होतं. तिचे प्राध्यापक म्हणत होते, ठीक आहे, पण यातून तुला म्हणायचं काय आहे? तिला उत्तर सुचत नव्हतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांचा तिला रागही येत नव्हता. ती माणसंही दमलेलीच असावीत, असं तिला आता वाटलं.

दुपारी प्रणिता ओट्यापाशी भांडी घासत होती. नवीन बाई अजून मिळाली नव्हती. अंजली फडकं घेऊन शेजारी उभी राहिली.

"वहिनी, लोक म्हणतायत सुलाने तुझं कानातलं चोरलं."

प्रणिताचा हात थांबला. "मी असं कधी म्हटलं नाही."

"नाही म्हटलंस. तू फक्त म्हणालीस, ती फोनवर हसायची."

"खोटं होतं का ते?"

"खोटं नव्हतं."

प्रणिताने नळ बंद केला. "मग काय सांगायला हवं होतं मी? माझी बाई पोटुशी राहिली आणि मला तिचं तोंड बघवेना, असं?" ती ओट्याला टेकली. "दोन वर्षं मी इंजेक्शनं घेतेय, अंजू. दादाने सांगितलं नसेल तुला. ऋग्वेदाच्या पाठीवर एक हवं म्हणून. दर वेळी तेच, दर वेळी रक्त. आणि ती इंजेक्शनं फ्रीजमधून काढून कोण आणून द्यायचं? तीच. 'मॅम, टाइम.' पोटावर बर्फ कोण धरायचं? तीच. आणि दोन आठवडे गावी जाऊन येते काय, आणि..." ओल्याच हाताने तिने डोळे पुसले. "मला ती चार दिवससुद्धा घरात नको होती."

अंजलीने ताट पुसून ठेवलं, दुसरं घेतलं.

थोड्या वेळाने प्रणितानेच विचारलं, "तुझ्या त्या पुस्तकात अशीच गोष्ट आहे ना? त्या दिवशी तू माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघत होतीस. सँडविचं दिली तेव्हा."

अंजलीने सांगितली. भाकरी, पखाल, झुडूप, सगळं. नंतरच्यांनी मुलावर काय काय आळ घेतले, तेही. प्रणिता खाली बघून ऐकत राहिली.

"म्हणजे सगळ्यांनी साराचीच बाजू घेतली."

"सगळ्यांनी नाही. एकाने, खूप आधीच्या काळात, लिहिलं की तो मुलगा नुसता खेळत-नाचत होता आणि बाप ते बघून खूश होता. साराला ते बघून मत्सर वाटला, बस. मात्र साराने आधी दासीला छळलं होतं, ते त्याने गाळून टाकलं. आणि मागाहून कुणी असंही म्हटलं, की पखालीतलं पाणी इतक्या लवकर संपलं कसं? तर साराची नजर लागली मुलाला. त्याला ताप चढला, म्हणून तो सगळं पाणी प्यायला."

प्रणिताने वर पाहिलं. "साराच्याच लोकांनी लिहिलं हे? तिची नजर लागली म्हणून?"

"हो. त्यांचीच आई ती."

"आणि हागारचं काय झालं?"

"ग्रंथात ती परत येत नाही. पण काहींना राहवलं नाही. सारा गेल्यावर अब्राहामाने दुसरं लग्न केलं असं लिहिलंय, त्या बाईचं नाव वेगळं आहे. हे लोक म्हणाले, ती हागारच. आणि तिला आणायला कोण गेलं होतं, तर साराचा मुलगा."

"खरं असेल ते?"

"नसणार बहुतेक. पण कुणाला तरी शेकडो वर्षांनी वाटलं, की ती परत यायला हवी होती."

प्रणिताने नळ सोडला आणि उरलेली भांडी घासून टाकली.

दोन दिवसांनी एजन्सीचा फोन आला. सुलास्त्रीला बाळंतपणानंतर, दोनेक वर्षांनी, पुन्हा सिंगापूरला कामाला यायचं होतं. जुन्या मालकिणीचं मत नोंदवायचं होतं. शिवाय काहीतरी चोरीचं कानावर आलं होतं, ते खरं का? फोन अवधूतने उचलला. त्याने रिसीव्हरवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. "काय सांगू? राहू दे ना, सांगतो की आम्हाला काही माहीत नाही."

प्रणिताने फोन त्याच्या हातातून घेतला. "चोरी झाली नाही," ती स्पष्ट इंग्रजीत म्हणाली. "काहीही हरवलं नाही. ती प्रामाणिक होती. तिचा नवरा आहे, मूल त्याचं आहे. मी तिला घाईने पाठवलं, ते माझं कारण होतं. हे असंच लिहा." पलीकडची बाई बहुधा म्हणाली, की एवढं लिहायची गरज नाही. "लिहा," प्रणिता म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने ऋग्वेदाला जवळ बसवलं. सुला आंटीची आई आजारी नव्हती, तिच्या पोटात बाळ आहे, आणि तिला तुला बाय करायचं होतं पण मम्माने करू दिलं नाही, एवढं तिने सांगितलं.

"व्हाय?"

"मम्माला तेव्हा खूप वाईट वाटत होतं."

"शी ऑल्सो सॅड, व्हॉट," ऋग्वेदा म्हणाली आणि रडायला लागली. तिला गप्प करायला बराच वेळ लागला. प्रणिताने तो प्रयत्न मध्येच सोडून दिला आणि नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

रविवारी अंजलीने सुलास्त्रीला व्हिडिओ कॉल लावला. ऋग्वेदाने आपला पडलेला दात दाखवला, स्पेलिंगमध्ये किती मार्क मिळाले ते सांगितलं. सुलास्त्री हसत होती, पण तिचा चेहरा ओढलेला होता. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मुलगी खेळायला पळाल्यावर तिने हळूच विचारलं, "मिस अंजली, कानातल्याचं कोण म्हणालं?" संजीवनीकडे कामाला असलेली बाई तिच्याच तालुक्यातली होती. गोष्ट समुद्र ओलांडून गावात पोहोचली होती. तिच्या सासूने विचारलं होतं.

प्रणिता मागे उभी होती. तिने फोन मागितला.

"सुला, मी तसं बोलले नव्हते."

"मग कोण, मॅम?"

"पहिलं मीच बोलले," प्रणिता म्हणाली. "आठवण येते म्हणून गेली, म्हणाले. बाकीचं लोकांनी लावलं. सॉरी, सुला."

सुलास्त्रीने मान हलवली. ठीक आहे असं ती म्हणाली नाही. सकाळी उलट्या होतात, म्हणाली, पहिल्या वेळेपेक्षा जास्त. मग आई हाक मारतेय म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रणिता उठली, पर्स घेतली. "चल माझ्याबरोबर," ती अंजलीला म्हणाली. "संजीवनीकडे जाऊन येऊ."

दोघी एलआरटीच्या छोट्या रेल्वेत बसल्या. बिल्डिंगी जवळ आल्या की डब्याच्या काचा आपोआप धूसर होत होत्या, लोकांच्या घरात दिसू नये म्हणून, आणि पुढे गेलं की पुन्हा स्वच्छ. अंजलीचं डोकं पुन्हा दुखायला लागलं होतं.

संजीवनीने दार उघडलं, कॉफी टाकली. प्रणिताने सगळं सांगितलं, इंजेक्शनांसकट. संजीवनीने तिचा हात हातात घेतला. "अगं, बिचारी तू," ती म्हणाली. "किती सहन केलंस. आणि त्या बाईचं काय मनावर घेतेस? आम्ही तर कधीच विसरलो ते."

"तुम्ही विसरलात," प्रणिता म्हणाली. "तिच्या गावात विसरलेले नाहीत. तू सगळ्यांना सांग, चोरी झाली नव्हती. तुझ्या बाईलाही सांग. माझ्यासमोर सांग."

संजीवनी जरा अवघडली. मग तिने आतून बाईला बोलावलं. ती हात पुसत येऊन उभी राहिली, तिघींकडे आळीपाळीने बघत. संजीवनीने तिला सांगितलं. ती "येस, मॅम" म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

कॉफी निवत चालली होती. अंजलीने आपला कप उचलला आणि दोन घोट घेतले. साखर जास्त झाली होती.